पेटीवाल्याचा लाकडी मासा

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक तक्रार करत नाही. दादा शवपेट्या करतो, मी त्यांना आतून अस्तर लावते, उशा शिवते, आणि आजवर एकाही माणसाने परत येऊन "बाई, उशी टोचते हो" असं सांगितलेलं नाही. यामुळे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं डोकं किती बिघडलंय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आपण केलं ते बरोबरच, ही त्याची पक्की समजूत. वहिनी होती तोवर ती उठता-बसता त्याची कानउघाडणी करायची. ती गेली आणि ते खातं माझ्याकडे आलं, पण माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "तू पाळण्यात असल्यापासून कुरकुरतेस," म्हणतो आणि रंधा मारायला लागतो.

एरवी माणूस सोन्यासारखा आहे, हेही आत्ताच सांगून टाकते. नवऱ्याशी पटेना म्हणून मी एक ट्रंक घेऊन याच्या दारात उभी राहिले, तेव्हा याने एक शब्द विचारला नाही. वरची खोली झाडली, माझी ट्रंक वर नेली, आणि खाली येऊन म्हणाला, "अस्तराला माणूस हवंच होतं." तेव्हापासून आम्ही दोघं वर राहतो आणि खाली कारखाना. भिंतीला टेकून उभ्या पेट्या, खिडकीपाशी त्याचं बाक, दुसऱ्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन. जास्तीच्या रजया ठेवायला जागा नाही म्हणून त्या एका पेटीत असतात. पाहुणे आले की त्यांना रजया कुठून आणल्या ते आम्ही सांगत नाही.

तर दादाला नाद एकच, मासे धरायचा. सुट्टीच्या दिवशी गळाची काठी घेऊन तळ्यावर जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. मध्यंतरी हा नाद एकदम वाढला. रोज संध्याकाळी कोट चढवून निघायचा, तळ्याच्या रस्त्यावरच्या दुकानातून चार गळ विकत आणायचा. डबा भरला, मग बरणी भरली. तळ्यातल्या प्रत्येक माशाला एकेक वाटला असता तरी उरले असते, इतके गळ घरात झाले. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड आहे, म्हणून एके दिवशी मीच मागोमाग गेले.

दुकानात एक बाई होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, खांद्याने रुंद, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. गळवाल्या बाई म्हणून सगळे ओळखतात त्यांना. वडलांचं दुकान चालवतात. नवरा होता, तो आता दुसऱ्या गावी दुसरीचा आहे. एका गिऱ्हाइकाला त्या तोंडावर सांगत होत्या, "ही काठी तुम्हाला शोभत नाही, तुमचे हात आखूड आहेत." गिऱ्हाईक हिरमुसलं, पण आखूड हातांना शोभेल अशी काठी घेऊन गेलं. आणि आमचे दादा कोपऱ्यात उभे राहून दोन्ही डोळ्यांनी बाईंकडे बघत होते. अच्छा! म्हटलं, इथे मासा वेगळाच आहे.

दादाच्या हातातल्या खोट्या माशाकडे बघून बाई म्हणाल्या, "विकतचा कशाला घेताय? तुम्ही लाकूडकाम करता ना? स्वतः करा एक आणि आणा. माझ्या मागच्या हौदात ओढून बघू."

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा खोटा मासा म्हणजे बोटभर लांबीचा लाकडी तुकडा, माशाच्या आकारात तासलेला, रंगवलेला. पोटाखाली दोन गळ लोंबतात, नाकात तारेची कडी असते, तिला दोरा बांधायचा. हनुवटीपाशी एक पातळ तिरपी पट्टी, तिला ओठ म्हणतात. दोरा ओढला की पाणी त्या ओठावर आपटतं आणि तुकडा जिवंत असल्यासारखा अंग हलवत पोहतो. मोठ्या माशाला वाटतं, छोटा लंगडा मासा चाललाय, आयता घास आहे, आणि तो झडप घालतो. थोडक्यात, लाकडाला जिवंत असल्याचं सोंग आणायचं. आमच्या धंद्याच्या बरोबर उलटं काम.

घरी येताना दादा गात होता. दादा गायला लागला की शेजारी खिडक्या लावून घेतात.

पहिला मासा त्याने आठवडाभर केला. पेट्यांची दोन गिऱ्हाइकं खोळंबली, म्हणजे त्यांचे नातेवाईक खोळंबले, पण हा हलेना. आमच्या सगळ्यात भारी पेटीचं उरलेलं सागवान घेतलं. दोन अर्धुकं करून आतून पोकळ केलं, भारासाठी शिसं बसवायला जागा कोरली, आणि मला म्हणाला, "साटीनचा एक तुकडा दे."

"कशाला?"

"शिशाखाली अंथरायला."

"अरे, शिशाला गादी कशाला हवी?"

"काम आतूनही नीट पाहिजे," म्हणाला. मी दिला तुकडा. वेड्याशी कोण वाद घालणार? मग दोन्ही अर्धुकं पितळी स्क्रूंनी आवळली, वर पॉलिशचे हात मोजता येणार नाहीत इतके दिले, आणि मला साक्षीदार म्हणून सोबत घेऊन दुकानात गेला.

मागच्या अंगणात लांबलचक सिमेंटचा हौद आहे. बाईंनी मासा हातात घेतला, चष्मा चढवला, उलटसुलट करून पाहिला. "काम सुरेख आहे," म्हणाल्या, आणि दादाचं नाक वर गेलं. मग त्यांनी तो पाण्यात सोडला. मासा सरळ तळाला गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी दोरा ओढला तसा तळावरून घासत, खरखरत आला.

"हा बुडतो हो. जड झालाय. हलकं लाकूड घ्या, आणि पॉलिश इतकं नको."

दादा लाल झाला. इतक्या वर्षांत आमची एकही वस्तू खाली गेल्यावर पुन्हा वर ओढून कुणी तपासलेली नव्हती. "लाकूड उत्तम आहे," म्हणाला, मासा खिशात घातला आणि चालू लागला. मी आपली मागे उभी, कसनुसं हसत.

चार दिवस त्याने तोंड पाडलं. मग गुपचूप हलक्या लाकडाचा तुकडा शोधायला लागला. स्वस्त पेट्यांचं देवदार निघालं, त्याचा मासा तासला. हा दिसायला खरंच गोड होता. माझ्याकडून अस्तराच्या कडेची जाळी मागून घेतली, माशाच्या अंगावर ताणून धरली आणि वरून रंगाचा फवारा मारला. जाळी काढली तर अंगभर खवले! मी म्हटलं, "मेल्या, हे तुला कसं सुचलं?" फुगला. मी जरा बारकाईने बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण मी खवल्यांवरच भाळले.

पुन्हा हौद, पुन्हा मी साक्षीदार. बाईंनी मासा सोडला. तरंगला! दादाने माझ्याकडे विजयी नजर टाकली. आणि मग मासा सावकाश कुशीवर वळला, आणखी वळला, आणि पोट आभाळाकडे करून निवांत पडला. बाईंनी सरळ केला, पुन्हा उलटा झाला. दोरा ओढला, तर तसाच उताणा सरकत आला.

झालं होतं असं, की माशाचं शिसं पोटात बसवायचं असतं, म्हणजे पोट खाली राहतं. दादाने ते पाठीत बसवलं होतं. आता एवढा कसबी माणूस असली चूक कशी करेल? पण ती त्यालाच सुचायची. जन्मभर त्याने जे काही केलं ते पाठीवर निजणाऱ्यांसाठी. खालची बाजू म्हणजे पाठ, वरची बाजू म्हणजे तोंड, हे त्याच्या हातातच बसलंय. बाकावर माशाला त्याने उताणा निजवला आणि भार आपोआप पाठीत गेला.

गळवाल्या बाई आधी ओठ दाबून उभ्या होत्या. मग त्यांना राहवेना. "अहो, मेला की तुमचा मासा!" म्हणाल्या आणि हौदाची कड धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. खोटं कशाला बोलू, मीही हसले. दादाने आमच्या दोघींकडे एकदा पाहिलं, मासा पाण्यातच टाकला आणि निघून गेला. दुकानाचं दार असं आपटलं की भिंतीवरच्या काठ्या हलल्या.

बाईंचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी मासा बाहेर काढला, पदराला पुसला.

"ताई, तुमच्याशी स्पष्ट बोलते," त्या मला म्हणाल्या. "तुमचा भाऊ मला आवडतो. लपवायचं वय राहिलं नाही माझं. पण माझा पहिला जो होता ना, त्याला मी 'नळ गळतोय' म्हटलं तरी तो दार आपटून बाहेर जायचा. नळ गळतच राहायचा. शेवटी नवराही गेला आणि नळही मीच बदलला. तसला दुसरा मला नको. मी बोलणारी बाई आहे, मरेपर्यंत बोलणार. चूक सांगितली की उठून जाणाऱ्या माणसाबरोबर म्हातारपण काढण्यापेक्षा मी एकटी बरी. त्यांना सांगा, आणखी एकदा या म्हणावं. पण थांबायच्या तयारीने या. नाहीतर गळ दुसरीकडून घ्या."

मी घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. मला वाटलं, "मला आवडतो" एवढं ऐकून हा उड्या मारेल. पण याच्या कानात शिरलं फक्त पुढचं.

"मी चुका करतो? आजवर माझ्या कामाची एक तक्रार आलेली नाही."

"येणार कशी?" मी ओरडलेच. "तक्रार करायला वर यावं लागतं, मुडद्या!"

आमच्या घरात मुडदा ही शिवी नाही, पोटापाण्याचा धनी आहे, पण त्या दिवशी ती त्याला लागली. कोट खुंटीला अडकवला तो तिथेच राहिला. संध्याकाळी बाहेर जाणं बंद, सुट्टीला तळं बंद. नुसता पेट्या करायचा, जेवायचा, झोपायचा. मी चिडवलं, मी भांडले, मी गोडाचं करून घातलं. ढिम्म. वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा या माणसाच्या तोंडावर रंग आला होता, आणि तो स्वतःच्या हाताने पुसत होता. मला राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. दोन-दोन दिवस घरात आवाज नसायचा.

अशात एका सकाळी हेडबाई आल्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत उभं-आडवं केलंय. आता काठी टेकत चालतात, पण आवाज तोच. त्यांनी दारातूनच विचारलं, "माझ्या मापाची पेटी करून मिळेल का?"

"कुणासाठी?" दादाने सवयीने विचारलं.

"माझ्या मापाची म्हटलं ना? कान कुठे आहेत तुझे? माझी मुलं काहीतरी भलतंच घेतील. मी बघून, पारखून घेणार."

दादाने भिंतीलगतची एक पेटी जमिनीवर ठेवली, झाकण उघडलं. हेडबाईंनी काठी माझ्या हातात दिली, चपला काढल्या, आणि आम्ही "अहो, अहो" करेपर्यंत पेटीत जाऊन आडव्या झाल्या. डोळे मिटले. दोन क्षण मला दरदरून घाम फुटला. मग डोळे उघडले.

"कोपरं आवळतात," त्या आतून म्हणाल्या.

दादा बघतच राहिला. "काय?"

"कोपरं. हात पोटावर घेतले की फळीला घासतात. आणि उशी फार बसकी आहे, मान मागे पडते. उशी कोण करतं?"

"मी," मी पुटपुटले. मला अगदी पट्टी खाल्ल्यासारखं झालं.

"भरपूर भर जरा. काटकसर कसली करतेस? आणि हे बिजागर कुरकुरतं. मला झोपेत आवाज खपत नाही." मग त्या दादाकडे वळल्या. "इतकी वर्षं पेट्या करतोस, कधी स्वतः निजून बघितलं नाहीस?"

"नाही."

"मग तुला कळणार कसं, गाढवा?"

मला वाटलं, आता हा कोट उचलतो आणि निघतो. पण जाणार कुठे? दुकान त्याचंच. तो तिथेच गुडघ्यांवर बसला, खडू घेतला, आणि हेडबाईंची कोपरं जिथे टेकत होती तिथे फळीवर खुणा केल्या. "आता हात हलवा," म्हणाला. "आता?" मग म्हणाला, "आणखी काही?" हेडबाईंकडे आणखी बरंच होतं. त्या गेल्या तेव्हा त्यांचा चहा पिऊन झाला होता आणि आमच्या दोघांची अब्रू जाऊन झाली होती.

दुपारी मी वरून खाली आले तर दादा दिसेना. मग पाहिलं, तो पेटीत निजला होता. हात पोटावर, कोपरं फळ्यांना टेकलेली.

"आवळतात गं," म्हणाला. आणि जरा वेळाने म्हणाला, "तुझ्या वहिनीचीही आवळत असतील. तिचं माप मी स्वतः घेतलं होतं. ती एका शब्दाने बोलली नाही."

मी त्याच्या बाजूला जमिनीवर बसले आणि त्याचा हात धरला. म्हटलं, "ती बोलायची थांबली हीच तर तुझी शिक्षा आहे, दादा. दुसरी बोलणारी मिळत्येय, तर तू दार आपटतोस." तो रडला. मीही रडले. बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक येऊन खिडकीतून डोकावलं, आणि पेटीतून रडण्याचा आवाज येतोय म्हटल्यावर पळून गेलं.

तिसरा मासा त्याने शिकंज्यात उभा धरून केला, पोट खाली. दर थोड्या वेळाने मला हाक मारायचा, "तुला काय वाटतं?" आयुष्यात पहिल्यांदा! मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं, पण संधी कोण सोडतं? मी म्हटलं, शेपटी जाड आहे. त्याने शेपटी तासली. घरच्या बादलीत सोडून बघ म्हटलं तर नको म्हणाला. "काय व्हायचं ते तिच्यासमोर होऊ दे."

आम्ही गेलो तेव्हा बाई दुकान बंद करायच्या बेतात होत्या. दादाला पाहून त्यांनी मागचं दार उघडलं. मासा पाण्यात सोडला. पोट खाली, पाठ वर. बाईंनी दोरा ओढला आणि लाकूड जिवंत झालं हो! डोकं हलवत, शेपूट मारत पळालं. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या,

"डावीकडे ओढतोय."

दादाचे कान लाल झाले.

"पक्कड आहे?" त्याने विचारलं.

बाईंनी पक्कड दिली. त्याने नाकातली कडी अगदी केसभर उजवीकडे वाकवली. मासा सरळ धावला. "गळ मोठे लावलेत, अंग नीट हलत नाही," बाई म्हणाल्या. गळ बदलले. "ओठाची कड जाड आहे." त्याने कानस मागितली आणि हौदाच्या काठावर बसून कड घासली. बाई सांगत होत्या, हा करत होता. अंधारून आलं, बाईंनी दिवा लावला, आणि मला कुणी बसायलाही सांगितलं नाही. अखेर माशात खोट काढायला जागा राहिली नाही. तो हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा पोहला, की मलाच त्याला खावंसं वाटलं.

"आणखी काही तक्रार?" दादा म्हणाला.

"आहे," बाई म्हणाल्या. "रोज येता, गळ नेता. इतके गळ कुणाला लागत नाहीत. जे विचारायला येता, ते मात्र विचारत नाही."

दादाने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? त्यांना विचार!" मी खेकसले.

मग त्याने विचारलं. फार वाईट विचारलं. "आमच्याकडे, म्हणजे, वर दोन खोल्या आहेत, खाली पेट्या असतात, पण त्यांचा काही त्रास नसतो. याल का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

दादाची मान खाली गेली. त्याचे पाय दाराकडे वळलेले मी स्वतः पाहिले, आणि मला हंबरडा फोडावासा वाटला. संपलं, म्हटलं. पण पाय पुढे पडले नाहीत. तो तसाच उभा राहिला, आणि मग मागे वळला.

"का?" त्याने विचारलं.

"तुमच्या वार्निशाने माझं डोकं उठतं. मी नाही त्या वासात राहणार. तुम्ही इकडे या. दुकानावर माझ्याही खोल्या आहेत."

दादाने दुकानाच्या आतल्या लाकडी जिन्याकडे पाहिलं. जवळ गेला, दोन्ही हात पसरून रुंदी मापली, मान वर करून वळण बघितलं. माझा भाऊ आहे, मला कळलं तो काय बघतोय, आणि मी मनात म्हटलं, बाबा रे, आज तरी नको, आज तरी तोंड बंद ठेव.

"जिना अरुंद आहे," तो म्हणाला. "या वळणावरून पेटी उतरायची नाही."

बाईंनी चष्मा काढला.

"मग रुंद करा," त्या म्हणाल्या. "सावकाश करा. घाई कुणाला आहे?"